इंडोनेशियातले उलेमा आणि ‘सगळे धर्म सारखेच’चा वाद : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंडोनेशियाचा विषय निघाला की आपल्याकडे गाडी दोनच रुळांवर धावते. एक म्हणतो, ‘बघा, मुसलमान देश, पण नोटेवर गणपती!’ दुसरा म्हणतो, ‘कसलं काय, शेवटी तिथेही फतवेच निघतात.’ दोघांच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे आणि दोघांनाही मधलं काही माहीत नसतं. तिथल्या उलेमांच्या, म्हणजे इस्लामी धर्मपंडितांच्या, मंडळाने २००५ मध्ये ‘सगळे धर्म सारखेच’ या विचाराविरुद्ध फतवा काढला. त्या वादावर लिहायला लागल्यापासून तेच ते प्रश्न येत राहतात. उत्तरं एकदा एका जागी लिहून ठेवतो आहे.

नोटेवर खरंच गणपती आहे का?

होता. २०,००० रुपियाची ती नोट १९९८ मध्ये निघाली. तिच्यावर शिक्षणतज्ज्ञ की हजर देवंतारा आणि त्यांच्या बाजूला विद्येची देवता म्हणून गणपती. २००८ च्या अखेरीस ती चलनातून गेली. व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र ती अजून चालते! बांडुंगच्या नामवंत तंत्रशास्त्र संस्थेच्या बोधचिन्हात गणपती आजही आहे. पण नोटेवरच्या चित्रावरून तिथल्या हिंदूंना, ख्रिस्त्यांना किंवा अहमदिया या छोट्या इस्लामी पंथाच्या लोकांना रोज काय अनुभव येतो, ते कळत नाही. त्यासाठी पुढचे प्रश्न.

इस्लाम हा तिथला राजधर्म आहे का?

नाही. लोकसंख्येत सुमारे ८७ टक्के मुसलमान आहेत, जगात सर्वाधिक मुसलमान असलेल्या देशांत त्याचं नाव अगदी वर लागतं, तरी राज्यघटनेत इस्लामचं नाव राजधर्म म्हणून नाही. तिथे आहे ‘पंचशील’, त्यांच्या उच्चारात ‘पंचासिला’. स्वातंत्र्यलढ्याचे नेते सुकार्नो यांनी १ जून १९४५ च्या भाषणात मांडलेली पाच तत्त्वं. त्यातलं आजचं पहिलं तत्त्व म्हणजे एकमेव परमेश्वरावर श्रद्धा. तो परमेश्वर कोणाचा, हे मुद्दाम लिहिलेलं नाही.

मुद्दाम, कारण त्यावर खरोखरच रस्सीखेच झाली होती. २२ जून १९४५ च्या मसुद्यात त्या वाक्यापुढे इंडोनेशियन भाषेतले सात शब्द होते. अर्थ असा की, इस्लामच्या अनुयायांवर शरीयत पाळण्याचं बंधन राहील. स्वातंत्र्याची घोषणा १७ ऑगस्टला झाली. तेवढ्यात सुकार्नोंचे सहकारी नेते मोहम्मद हत्ता यांच्याकडे निरोप आला की, हे शब्द राहिले तर पूर्वेकडच्या बेटांवरचे ख्रिस्ती नव्या देशात येणार नाहीत. १८ ऑगस्टला ते सात शब्द गाळले गेले. ‘आमचा विश्वासघात झाला’ म्हणणारे आणि ‘देश वाचला’ म्हणणारे, असे दोन्ही पक्ष तिथे आजही आहेत. तिथला जवळपास प्रत्येक धार्मिक वाद खणत गेलात की तळाशी हे सात शब्द सापडतात.

राजधर्म नाही म्हणून राज्य निधर्मी आहे, असंही नाही. सरकार सहा धर्मांना मान्यता देतं : इस्लाम, प्रोटेस्टंट, कॅथलिक, हिंदू, बौद्ध आणि कन्फ्यूशियस. ओळखपत्रावर धर्माचा रकाना असतो. नास्तिकाची पंचाईतच. बालीच्या हिंदूंनाही मान्यता मिळवताना ‘आमचाही परमेश्वर एकच’ हे ठासून सांगावं लागलं. ‘सांग ह्यांग विधी वासा’ हे नाव तिथे जे पुढे आलं, त्यामागे भक्तीइतकंच हे सरकारी दडपणही आहे.

धर्माच्या बाबतीत तिथे शेवटचा शब्द कोणाचा?

कोणाचाच नाही. हे एकदा ध्यानात आलं की बाकीचं सोपं जातं.

दोन संघटना सर्वांत मोठ्या. मुहम्मदिया ही १९१२ मध्ये योग्यकार्तात अहमद दहलान यांनी काढलेली. शाळा, दवाखाने, सुधारणा, आणि कबरींभोवतीच्या रूढींना विरोध हा तिचा बाणा. नहदतुल उलेमा, म्हणजे एनयू, ही १९२६ मध्ये सुराबायात हाशिम अशअरी यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली. गावोगावचे मौलवी, त्यांना तिकडे ‘कियाई’ म्हणतात, त्यांचे निवासी मदरसे आणि कबरींवरची प्रार्थना हा तिचा पाया. दोन्हींच्या अनुयायांची गणती कोटींत होते. शिवाय १९४६ पासून सरकारचं धर्मखातं आहे आणि १९७५ पासून मजलिस उलेमा इंडोनेशिया, जिचं नाव या पानावर वारंवार येणार आहे. पुढे तिला नुसतं ‘मजलिस’ म्हणतो.

या गर्दीचा परिणाम बघायचा तर ईदचा चंद्र बघा. मुहम्मदिया गणिताने महिना ठरवते. एनयू आणि सरकार चंद्र दिसण्यावर अडून बसतात. २०११ मध्ये मुहम्मदियाने ३० ऑगस्टला ईद केली, सरकारने ३१ ला. २०२३ मध्ये २१ आणि २२ एप्रिल. एकाच गल्लीत एका घरी शीरखुर्म्याच्या जागी नारळाच्या रसातली कोंबडी आणि नारळाच्या कोवळ्या पात्यांच्या विणलेल्या पुडीत उकळलेला भात तयार, आणि शेजारच्या घरी अजून रोजा. कोणी कोणाला काफिर म्हणत नाही. फार तर शेजारी म्हणतो, ‘आमचा वाटा उद्यापर्यंत ठेवा.’ आपल्याकडे स्मार्त आणि भागवत एकादशी दोन वेगळ्या दिवशी येतात, तसंच काहीसं.

मग ही मजलिस कोणी निवडली?

जनतेने नाही. २६ जुलै १९७५ रोजी हुकूमशहा सुहार्तो यांच्या सरकारच्या आशीर्वादाने ती उभी राहिली. वेगवेगळ्या संघटनांचे उलेमा एका टेबलाशी बसवायचे, म्हणजे सरकारला एकाच दारात जाऊन बोलता येईल, हा हिशेब. कुटुंबनियोजनासारख्या योजनांना धार्मिक पाठिंबा मिळवणं हेही त्यात होतं.

पहिले अध्यक्ष हम्का. धर्मपंडित, शिवाय लोकप्रिय कादंबरीकार. मजलिसच्या स्थितीला त्यांनी बिका नावाच्या केकची उपमा दिली होती. तो खालून आणि वरून अशा दोन्ही बाजूंनी विस्तवावर भाजतात. कोकणात धोंडस करताना खाली चूल आणि झाकणावर निखारे ठेवत, अगदी तसंच. वर सरकार, खाली जनता, मध्ये उलेमा.

१९८१ मध्ये हा केक करपला. मुसलमानांनी नाताळच्या सामूहिक समारंभात भाग घेणं हराम, असा फतवा मजलिसने मार्चमध्ये काढला. शाळांत आणि कचेऱ्यांत असे एकत्र समारंभ चालत. मुलांना नाताळच्या नाटकात देवदूत व्हायला लावतात, अशा पालकांच्या तक्रारी होत्या. धर्ममंत्री संतापले. फतव्याचं वाटप थांबवावं लागलं. हम्कांनी मे महिन्यात राजीनामा दिला, आणि वाटप थांबलं म्हणून फतवा खोटा ठरत नाही, असं जाहीर केलं. दोन महिन्यांनी ते वारले. त्यांचा फतवा मला पटत नाही. पण हुकूमशहाच्या राज्यात खुर्ची अशी सोडून देणारा माणूस मला आवडतो, हेही लपवत नाही.

१९९८ मध्ये सुहार्तो गेले. मजलिसने तोंड फिरवलं : आता आम्ही सरकारचे सेवक नाही, उम्मतचे, म्हणजे मुसलमान समाजाचे सेवक. खालचा विस्तव वाढला तो तेव्हापासून.

२००५ चा तो गाजलेला फतवा नेमकं काय म्हणतो?

जुलै २००५ च्या शेवटच्या आठवड्यात जकार्तात मजलिसचं सातवं राष्ट्रीय अधिवेशन झालं. तिथे एका दमात अकरा फतवे निघाले. आंतरधर्मीय विवाह, सर्वधर्मीय प्रार्थना, अहमदिया असे विषय. त्यातला सातवा फतवा प्लुरलिझम, लिबरलिझम आणि सेक्युलरिझम यांवर. तिन्ही इस्लामच्या शिकवणीविरुद्ध आहेत आणि मुसलमानांनी ती स्वीकारणं हराम आहे, असा निर्णय.

बातम्यांत एवढंच आलं. पण फतव्याच्या सुरुवातीला व्याख्या दिल्या आहेत, त्या वाचायला हव्यात. प्लुरलिझम म्हणजे काय? सगळे धर्म सारखे, म्हणून प्रत्येकाचं सत्य सापेक्ष, म्हणून आपलाच धर्म खरा असं कोणी म्हणू नये, आणि सगळ्या धर्मांचे लोक स्वर्गात जाऊन शेजारी शेजारी राहतील, असं शिकवणारा विचार. याच्या लगेच पुढे दुसरा शब्द येतो : प्लुरॅलिटी. तिची व्याख्या अशी की, एखाद्या देशात किंवा प्रदेशात निरनिराळ्या धर्मांचे लोक शेजारी शेजारी राहतात, ही वस्तुस्थिती.

दोन्हीकडे ‘शेजारी शेजारी’ आहे. एकात स्वर्गात, दुसऱ्यात गल्लीत. फतव्याचा आक्षेप स्वर्गातल्या शेजाराला आहे.

मराठीत सांगायचं तर ‘एकत्र नांदणं’ त्यांना चालतं, ‘सर्वधर्मसमभाव’ चालत नाही. श्रद्धा आणि उपासना यांत सरमिसळ नको, बाकीच्या सामाजिक व्यवहारात एकमेकांना अपाय न करता मिळून राहा, असंही फतवा म्हणतो. आपण हे दोन शब्द इतके सरसकट एकाच अर्थाने वापरतो की, त्यांत फट पाडता येते हेच आपल्याला नवं वाटतं.

एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. धर्माची सरमिसळ नको म्हणणाऱ्या या मजकुरात धर्माला शब्द आहे ‘आगामा’, म्हणजे आपला आगम. स्वर्गाला ‘सुर्गा’. सामान्य इंडोनेशियन मुसलमान रमजानच्या रोज्याला ‘पुआसा’ म्हणतो, तो आपला उपवास. पापाला ‘दोसा’. त्यात कोणाला काही खटकत नाही, आणि खटकावं तरी का?

‘सिपिलिस’ हा काय प्रकार आहे?

सेक्युलरिझम, प्लुरलिझम, लिबरलिझम यांच्या इंडोनेशियन रूपांची आद्याक्षरं जुळवून विरोधकांनी केलेला शब्द. उच्चार गुप्तरोगाच्या नावासारखा व्हावा म्हणूनच तो तसा जुळवला. फतव्यात तो नाही, पण रस्त्यावर फतव्यापेक्षा तोच जास्त चालला. पुष्कळांना वादाचे मुद्दे माहीत नव्हते, शिवी मात्र पाठ होती.

फतव्याला विरोध कोणी केला? बाहेरच्यांनी?

नाही, घरातल्यांनीच. आघाडीवर अब्दुररहमान वाहिद, ज्यांना सगळे प्रेमाने ‘गुस दुर’ म्हणत. एनयूच्या संस्थापकाचे नातू, पंधरा वर्षं एनयूचे अध्यक्ष, १९९९ ते २००१ देशाचे राष्ट्राध्यक्ष. चिनी वंशाच्या लोकांच्या सणांवर आणि रूढींवर असलेली सुहार्तोकालीन बंदी त्यांनी २००० मध्ये उठवली. इंडोनेशिया कोणा एका धर्माच्या मालकीचा देश नाही, हा त्यांचा मुद्दा. उलील अबशर अब्दल्ला आणि त्यांचं ‘लिबरल इस्लाम’ मंडळ तर फतव्याचं थेट लक्ष्यच होतं. तेही एनयूच्या मदरशात शिकलेले.

खरी गुंतागुंत पुढे आहे. ज्या मजलिसने हा फतवा काढला, तिचे अध्यक्ष सहल महफूद त्याच वेळी एनयूचेही सर्वोच्च धर्मगुरू होते. म्हणजे एकाच घराण्याची माणसं दोन्ही बाजूंना. ‘उदार एनयू विरुद्ध कडवी मजलिस’ असा सोपा सामना ज्यांना लावायचा आहे, त्यांची इथे अडचण होते.

आणि नूरचोलिश मजीद. ‘इस्लाम हवा, इस्लामी पक्ष नको’ ही घोषणा १९७० मध्ये देऊन खळबळ उडवणारा हा विचारवंत. फतव्याच्या विषयपत्रिकेवर त्यांच्या साऱ्या आयुष्याचं काम होतं. ते तेव्हा खूप आजारी होते. फतव्यानंतर साधारण महिनाभराने, २९ ऑगस्ट २००५ ला ते गेले.

फतवा कायदा असतो का?

नसतो. फतवा म्हणजे मत. विचारलं म्हणून दिलेलं, जाणकाराचं, पण मतच. पाळला नाही म्हणून पोलीस येत नाही.

उदाहरण सिगारेटचं. २००९ मध्ये मजलिसच्या सभेने लहान मुलांना, गरोदर बायकांना आणि सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान हराम ठरवलं. लवंग घातलेल्या सिगारेटी ओढणं तिथे आपल्या तंबाखू मळण्याइतकं अंगवळणी पडलेलं आहे, कियाईंनाही. फतव्याने धूर काही कमी झाला नाही. याच सभेत मंत्र आणि विधींसह केला जाणारा योग हराम, नुसता व्यायाम म्हणून चालेल, असंही ठरलं. आपल्याकडे त्याच्या ठळक बातम्या झाल्या, सिगारेटीच्या नाही.

पण फतव्याला वजन येतं ते दोन वाटांनी. एक, सरकार तो उचलतं. इस्लामी बँकिंगच्या २००८ च्या कायद्यात आणि हलाल उत्पादनांच्या २०१४ च्या कायद्यात मजलिसच्या मताला जागा दिली गेली. मग तिचं मत हे नुसतं मत उरत नाही, बिस्किटाच्या पुड्यावर शिक्का होऊन येतं. दुसरी वाट रस्त्याची.

रस्त्याचं उदाहरण अहोक यांचं. बासुकी त्यहाया पुर्नामा, जकार्ताचे गव्हर्नर, ख्रिस्ती आणि चिनी वंशाचे. सप्टेंबर २०१६ मध्ये ‘हजार बेटं’ नावाच्या द्वीपसमूहातल्या मच्छीमारांपुढे बोलताना ते म्हणाले की, कुराणातल्या एका आयतीचा आधार देऊन कोणी तुम्हाला फसवत असेल आणि म्हणून तुम्ही मला मत देणार नसाल, तर हरकत नाही. भाषण माशांच्या योजनेचं होतं. त्यातला तुकडा कापून, सोबतच्या मजकुरात एक शब्द गाळून फिरवला गेला. ऑक्टोबरमध्ये मजलिसने जाहीर केलं की, हा कुराणाचा आणि उलेमांचा अपमान आहे. लक्षात घ्या, तो फतवासुद्धा नव्हता, ‘धार्मिक मत आणि भूमिका’ अशा शीर्षकाचं पत्रक होतं. पण त्याच्या रक्षणासाठी म्हणून आघाडी उभी राहिली आणि २ डिसेंबरला जकार्ताच्या राष्ट्रीय स्मारकापाशी लाखोंचा जमाव जमला. एप्रिल २०१७ मध्ये अहोक निवडणूक हरले, ९ मे ला धर्मनिंदेबद्दल त्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली.

त्या पत्रकावर सही करणारे आणि खटल्यात साक्ष देणारे मजलिसचे तेव्हाचे अध्यक्ष माअरूफ अमीन. अहोक यांचे जुने सहकारी आणि तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जोको विदोदो यांनी २०१९ च्या निवडणुकीत उपराष्ट्राध्यक्षपदासाठी निवडले, तेही माअरूफ अमीनच! ते निवडून आले आणि २०२४ पर्यंत त्या पदावर होते. शरद पवारांच्या राजकारणावर वाढलेल्या मराठी वाचकाला याचं फारसं आश्चर्य वाटू नये.

सगळ्यात जास्त झळ कोणाला बसली?

अहमदियांना. मजलिसने त्यांना १९८० मध्ये पंथभ्रष्ट ठरवलं, २००५ मध्ये ते पुन्हा बजावलं. जून २००८ मध्ये सरकारने तीन खात्यांचा संयुक्त आदेश काढून त्यांच्या प्रचारावर बंदी घातली. ६ फेब्रुवारी २०११ ला बांतेन प्रांतातल्या चिकेउसिक गावात शेकडोंचा जमाव एका घरावर चालून गेला. तीन अहमदिया ठार झाले. पोलीस हजर होते, चित्रीकरणही झालं. हल्लेखोरांना तीन ते सहा महिन्यांच्या शिक्षा झाल्या. वाचलेल्या एका अहमदियालाही सहा महिने कैद झाली.

‘फतव्यात हिंसेचं समर्थन कुठे आहे?’ असा प्रश्न मजलिसकडून नेहमी विचारला जातो. नाही, कुठेच नाही. पण एखाद्याला अधिकृतपणे घराबाहेर काढून वर ‘त्याला मारू नका’ म्हणणाऱ्यांना, त्या दारात उद्या कोण उभं राहणार आहे याची कल्पना असते, असं माझं मत आहे.

एनयू तरी पूर्ण उदार आहे ना?

हो म्हणावं तर पंचाईत, नाही म्हणावं तर अन्याय. तिची स्वयंसेवक तुकडी, ‘बान्सर’, नाताळच्या रात्री चर्चबाहेर पहारा देते. २४ डिसेंबर २००० ला मोजोकेर्तो शहरात रियांतो नावाच्या पंचविशीतल्या बान्सरने चर्चमधला बाँब उचलून बाहेर नेला आणि त्यातच तो गेला. शहरातल्या एका रस्त्याला आज त्याचं नाव आहे. २०१९ च्या आपल्या परिषदेत एनयूच्या उलेमांनी ठरवलं की, मुसलमानेतर देशबांधवांना ‘काफिर’ म्हणू नये, ‘नागरिक’ म्हणावं.

पण १९६५ चा धर्मनिंदेविरुद्धचा कायदा रद्द करा म्हणून गुस दुर आणि इतर घटनान्यायालयात गेले, तेव्हा एनयू आणि मुहम्मदिया दोघीही कायद्याच्या बाजूने उभ्या राहिल्या. एप्रिल २०१० मध्ये न्यायालयाने कायदा कायम ठेवला. गुस दुर निकाल ऐकायला नव्हते, डिसेंबर २००९ मध्येच गेले होते. याच कायद्याच्या साखळीत पुढे अहोक अडकले.

अजिनोमोटोचं काय प्रकरण होतं?

आपल्या चायनीजच्या गाडीवरची तीच पांढरी पावडर. २००० च्या अखेरीस मजलिसने ती हराम ठरवली, कारण उत्पादनाच्या एका टप्प्यात डुकरापासूनचं विकर वापरलेल्या पदार्थाचा संबंध आला होता. राष्ट्राध्यक्ष गुस दुर म्हणाले, अंतिम पदार्थात त्याचा अंश नाही, म्हणून हलाल. देशाचा राष्ट्राध्यक्ष, तोही धर्मपंडित, एकीकडे आणि मजलिस दुसरीकडे. कंपनीने मात्र प्रक्रिया बदलली. गिऱ्हाईक कोणाचं ऐकतं, हे तिला बरोबर कळलं होतं.

मशीद आणि चर्च यांच्यात बोगदा आहे म्हणतात?

आहे. जकार्ताची इस्तिकलाल मशीद आणि कॅथलिक कॅथेड्रल समोरासमोर, मध्ये रस्ता. मशिदीचा आराखडा फ्रेडरिक सिलाबान या प्रोटेस्टंट वास्तुविशारदाचा. सप्टेंबर २०२४ मध्ये पोप फ्रान्सिस आणि इमाम नसरुद्दीन उमर त्या बोगद्याच्या तोंडाशी भेटले, छायाचित्रं जगभर गेली. मला त्याहून आवडते ती पार्किंगची व्यवस्था : नाताळला चर्चची गर्दी मशिदीच्या आवारात गाड्या लावते. मात्र गावाकडे नवं चर्च बांधायचं तर २००६ च्या नियमानुसार ९० सभासदांची नावं आणि परिसरातल्या ६० लोकांचा पाठिंबा लागतो. नियम सर्वच धर्मांना आहे, अडतात मात्र जे जिथे थोडे आहेत ते.

याचा आपल्याकडच्या मुसलमानांशी काही संबंध?

मजलिसचे फतवे इथे कोणाला लागू नाहीत. पण एक जुना धागा आहे. उत्तर भारतातले आणि दख्खनचे बहुतेक मुसलमान हनफी, तर रत्नागिरी-रायगडचे कोकणी मुसलमान शाफई. या इस्लामी धर्मशास्त्राच्या दोन परंपरा. इंडोनेशियातही शाफईच. अरबी समुद्र ओलांडून आलेल्या व्यापाऱ्यांच्या वाटेवर हे दोन्ही किनारे येतात. त्यामुळे मासळीच्या प्रश्नांवरचा तिथला काथ्याकूट दापोलीच्या माणसाला परका वाटणार नाही.

कुर्ल्यांचंच घ्या. जो प्राणी जमिनीवरही जगतो आणि पाण्यातही, तो शाफई परंपरेत खायला चालत नाही, असं पुष्कळ जण मानतात. मग खेकडा कुठला? २००२ मध्ये मजलिसने यावर रीतसर बैठक घेतली. किताबं उघडली गेली आणि मत्स्यशास्त्राच्या तज्ज्ञालाही बोलावलं. त्याने सांगितलं की, तिथे खाल्ले जाणारे खेकडे कल्ल्यांनी श्वास घेतात, अंडी पाण्यात घालतात, पाण्यावाचून जगत नाहीत. उलेमांनी ऐकून घेतलं आणि खेकडा हलाल ठरला.